डोक्याचा इसब आणि सौम्य न्हाणे

पेडणे आणि डिचोली या आमच्या दोन तालुक्यांतील जुन्या घरांत डोक्यावरून न्हाणे ही साधी आंघोळ मानली जात नाही. त्याला वार ठरलेला असतो, तिथी पाहिली जाते, आदल्या रात्री शिकेकाई भिजत पडते. पहाटे न्हाणीतील तांब्याचे भाण तापू लागते, खोबरेलाची वाटी चुलीच्या कडेला कोमट होते, आणि नरकचतुर्दशीसारखा दिवस असला तर उटण्याचा वास घरभर दरवळतो. ज्याचे डोके निरोगी आहे त्याला यात सुखच सुख आहे. परंतु ज्या मुलाच्या किंवा मुलीच्या डोक्यात इसब आहे, त्याला हाच दिवस नकोसा होतो. पाणी पडताच आग, साबण लागताच चुणचुण, केस वाळतात न वाळतात तोच पुन्हा खाज. आणि दुसऱ्या दिवशी शाळेत गणवेशाच्या खांद्यांवर पांढऱ्या खपल्यांचा सडा. बाकावरचा सोबती किंचित सरकून बसतो. कोणी काही बोलत नाही; पण ज्याला कळायचे त्याला ते कळते.

या सरकून बसण्यामुळेच आम्ही हा विषय वार्षिकासाठी निवडला. यास्तव आरंभीच एक गोष्ट निःसंदिग्ध शब्दांत सांगितली पाहिजे. इसब एकाचा दुसऱ्याला लागत नाही. एका बाकावर बसल्याने, एकमेकांच्या डब्यातील खाल्ल्याने किंवा खांद्याला खांदा लागल्याने तो होत नाही. इसब असलेल्या मुलाला शेवटच्या बाकावर एकटे बसविण्यास वैद्यकशास्त्राचा कसलाही आधार नाही.

लोकांच्या मनात जी भीती असते ती बहुधा दुसऱ्याच रोगांची असते. डोक्यात होणारे गजकर्ण हा बुरशीचा रोग खरोखरच लागट आहे. त्यात केस मुळाजवळ तुटून गोल चट्टे पडतात, आणि तो एका फणीतून, टोपीतून, उशीतून पसरतो. त्यावर नुसते लावण्याचे औषध पुरे पडत नाही; काही आठवडे पोटात औषध घ्यावे लागते. १९५८ च्या सुमारास ग्रिझिओफल्व्हिन हे औषध मिळाल्यापासून हा रोग बरा करणे सोपे झाले. उवाही लागट असतात, आणि त्यांच्यामुळे खाजवून खाजवून खवडे होतात ते निराळेच. तेव्हा डोके खाजते म्हणजे इसबच आहे असे घरच्या घरी ठरवू नये. खपल्या आहेत पण केस जागच्या जागी आहेत, कानामागे, मानेवर, कोपराच्या खोबणीत किंवा भुवयांतही तसेच चट्टे आहेत, घरात कुणाला दमा किंवा वारंवार शिंका येण्याचा त्रास आहे, अशी लक्षणे दिसली तर इसबाचा संशय बळावतो; निदान मात्र डॉक्टरांनीच करावयाचे.

इसबासही एकच रूप नाही, आणि न्हाण्याच्या प्रश्नात सारी मेख येथेच आहे. एक कोरडा इसब. यात त्वचेचा बांधच मुळात कच्चा असतो. आपल्या कातडीच्या वरच्या थरातील पेशी विटांसारख्या रचलेल्या असून त्यांच्यामध्ये स्निग्ध द्रव्याचा चुना भरलेला असतो. या रचनेला बळ देणारे फिलॅग्रिन नावाचे एक प्रथिन आहे. ते बनविणाऱ्या जनुकातील दोष आणि हा इसब यांचा संबंध २००६ साली स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी दाखवून दिला. बांध कच्चा असला की आतील ओलावा बाहेर जातो आणि बाहेरची तीक्ष्ण द्रव्ये आत शिरतात. दुसरा तेलकट इसब. यात पिवळसर, चिकट खपल्या पडतात. साधा कोंडा हा त्याचाच सौम्य भाऊ समजावा. मॅलॅसेझिया नावाचे एक सूक्ष्म किण्व प्रत्येकाच्या डोक्यावर सुखाने नांदत असते. फ्रान्समधील मालासे या शास्त्रज्ञाने १८७४ साली त्याचे वर्णन केले, म्हणून हे नाव. ते त्वचेतील तेलावर जगते, आणि काहींच्या कातडीला त्याच्या या संसाराचा त्रास होतो. तान्ह्या मुलांच्या डोक्यावर ज्या जाड खपल्या धरतात त्याही याच जातीच्या. त्या बहुधा वर्षाच्या आत आपोआप जातात, त्यासाठी बाळाचे डोके नखांनी खरवडू नये. तिसरा, वावड्याचा इसब. डोक्याला लावलेल्या एखाद्या विशिष्ट पदार्थाचेच वावडे असते. तो पदार्थ बंद झाला की इसब ओसरतो.

आता न्हाणे म्हणजे काय ते पाहू. नुसत्या पाण्याने तेल जात नाही, हे स्वयंपाकघरातील कोणाही बाईस ठाऊक आहे. साबण, शिकेकाई, शांपू, सगळ्यांचे काम एकाच तत्त्वावर चालते. त्यांच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते व दुसरे तेलाकडे. असे असंख्य रेणू तेलाच्या कणाभोवती शेपट्या आत व तोंडे बाहेर करून गोळा होतात आणि त्या कणाला पाण्याबरोबर वाहून नेतात. अडचण एवढीच की मळकट तेल कोणते आणि कातडीच्या विटांमधला चुना कोणता, हा भेद त्या रेणूंना कळत नाही. तीक्ष्ण द्रव्य मळाबरोबर चुनाही ओढून काढते. निरोगी कातडी तो काही तासांत भरून काढते. इसबाच्या कातडीला ते जमत नाही, आणि खाजेचा नवा फेरा सुरू होतो.

त्यात आम्लतेची भर. १९२८ साली शाडे व मार्खिओनिनी या जर्मन शास्त्रज्ञांनी त्वचेवर एक पातळ आम्लधर्मी आवरण असते असे मांडले, आणि ते आजही खरे मानले जाते. आम्लता मोजण्याच्या पट्टीवर ७ म्हणजे ना आम्ल ना अल्कली. डोक्याची त्वचा सुमारे ५.५ वर असते, म्हणजे किंचित आम्ल. साबण मात्र स्वभावतःच अल्कली. मंगळूरच्या संशोधकांनी २०१४ साली आपल्या देशातील आंघोळीचे साबण व शांपू तपासले, तेव्हा बहुतेक साबण ९ ते १० च्या दरम्यान आणि बहुतेक शांपू ६ ते ७ च्या दरम्यान आढळले. या पट्टीवर एका अंकाचा फरक म्हणजे दसपट फरक असतो, हे लक्षात घेतले म्हणजे अंगाच्या साबणाने डोके धुण्यातील धोका ध्यानात येईल. बाजारात शिकेकाईचा साबण म्हणून जी वडी मिळते तिच्याविषयीही हेच म्हणावे लागते. नावात शिकेकाई असली तरी ती साबणाचीच वडी.

हे तपासून पाहण्यास प्रयोगशाळा हवीच असे नाही. दारातली जास्वंद, म्हणजे आमच्याकडील दासवण, पुरेशी आहे. लाल दासवणीच्या पाच-सहा फुलांच्या पाकळ्या अर्धा पेला गरम पाण्यात पाव तास ठेवाव्या आणि पाणी गाळून घ्यावे. हे जांभळट पाणी पांढऱ्या वाट्यांत थोडे थोडे ओतावे. एका वाटीत लिंबाचे चार थेंब टाकले तर ते लालभडक होते. दुसरीत खाण्याचा सोडा टाकला तर ते हिरवट होते. या दोन खुणा डोळ्यांपुढे ठेवून तिसरीत साबणाचे पाणी व चौथीत बिनरंगी शांपूचे पातळ पाणी घालून पाहावे. शिकेकाईचे पाणी मुळातच तपकिरी असल्यामुळे ते पुष्कळ पातळ करून घ्यावे लागते, एरव्ही रंग उमगत नाही. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी हा प्रयोग अवश्य करावा. वाट्या नंतर स्वच्छ घासून ठेवल्या म्हणजे आईची तक्रार राहणार नाही.

आता जुन्या वस्तूंचा विचार करू. शिकेकाईच्या शेंगांत व रिठ्याच्या फळाच्या सालीत सॅपोनिन नावाची फेसाळ द्रव्ये असतात. ती निसर्गातील साबणच. मात्र त्यांचे पाणी अल्कली नसून किंचित आम्ल असते, हा त्यांचा मोठा गुण. तरीही इसबाच्या डोक्याला त्या जशाच्या तशा सोसतील असे समजू नये. दळलेल्या शिकेकाईचा भरडा डोक्यावर चोळणे म्हणजे सोललेल्या कातडीवर वाळू घासणे. त्याचे कण केसांच्या मुळाशी अडकून राहतात आणि दिवसभर टोचतात. त्याची धूळ नाकात गेली की शिंकांचा भडिमार होतो तो निराळा. शिकेकाई वापरावयाचीच असेल तर शेंगा रात्रभर भिजत घालून सकाळी मंद उकळाव्या, पाणी निवू द्यावे, आणि ते जुन्या धुतलेल्या लुगड्याच्या कापडातून दोनदा गाळून घ्यावे. वापरावे ते केवळ हे पाणी. चोथा परसात टाकावा. रिठा शिकेकाईहून अधिक तीक्ष्ण आहे, तेल फार ओढतो आणि डोळ्यांत गेल्यास भयंकर झोंबतो. चांदीचे दागिने धुण्यास तो उत्तम. कोरड्या इसबाच्या डोक्यास आम्ही तो सुचविणार नाही.

सर्वांत निरुपद्रवी म्हणावी अशी जुनी वस्तू म्हणजे दासवणीची पाने. कोवळी पाने पाण्यात कुस्करली की बुळबुळीत रस निघतो. तो तेल फारसे काढीत नाही. पण धूळ व घाम सुटतात, आणि कातडी ताणल्यासारखी वाटत नाही. ज्याच्या डोक्याला साबण, शांपू, शिकेकाई काहीच सोसत नाही त्याने काही दिवस एवढ्यावर भागवून पाहावे. पाने धुऊन घ्यावी, रस ताजा असावा आणि तोही गाळलेला असावा. बेसन व मुगाचे पीठ यांचा दोष शिकेकाईच्या भरड्यासारखाच, पीठ केसांत राहते. लिंबू मात्र कटाक्षाने टाळावे. आम्ल चांगले म्हणून लिंबू चांगले, असा हिशेब येथे चालत नाही. त्याची आम्लता पट्टीवर २ च्या आसपास आहे आणि खाजवून सोललेल्या जागी ते आगीसारखे लागते. शिवाय लिंबाचा रस अंगावर असताना ऊन लागले तर कातडीवर फोड व काळे डाग येऊ शकतात.

येथे वाचकांपैकी आजीमंडळी म्हणतील, आमच्या वेळी शांपू नव्हते आणि हे रोगही नव्हते. त्यावर सूनबाई म्हणतील, हा सगळा पाला आता कशाला, बाजारातली बाटली आणावी. आमच्या मते दोघींचेही पाऊल जरा चुकते, आणि ते दाखविण्यास पेडण्याच्या माडाइतका उत्तम साक्षीदार नाही. खोबरेलात जवळजवळ निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो. हे तेल दाहक क्षाराबरोबर शिजविले की साबण होतो. त्याच तेलातील लॉरिक आम्लापासून कारखान्यात सोडियम लॉरिल सल्फेट तयार होते. ते इतके तीक्ष्ण आहे की कातडीची सहनशक्ती पाहण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ प्रयोगात मुद्दाम तेच वापरतात. आणि त्याच खोबरेलातील आम्लांपासून कोकामिडोप्रोपिल बिटेन व सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट ही पुष्कळ सौम्य द्रव्येही होतात. त्यांच्या नावांतील ‘कोको’ म्हणजे आपला नारळच. माड एकच, तेल एकच. पण एक वस्तू कातडी सोलणारी आणि दुसरी तिला फारसा धक्का न लावणारी. तेव्हा वस्तू झाडाची की कारखान्याची, हे विचारून निर्णय लागत नाही. ती तेल किती ओढते, तिचे कण मागे राहतात काय, तिच्यात सुगंध व रंग किती, आणि माझ्या डोक्याचा इसब कोणत्या जातीचा, हे विचारावे लागते.

शांपू हा शब्द मूळचा आपल्याच देशातला, हे जाता जाता सांगावेसे वाटते. चांपणे म्हणजे दाबणे, मर्दन करणे. पाटण्याचे शेख दीन महंमद यांनी इंग्लंडातील ब्रायटन येथे स्नानगृह काढून या चंपीस प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि १८२२ साली तिच्यावर पुस्तकही लिहिले. पुढे शब्दाचा अर्थ मर्दनावरून धुण्यावर गेला आणि तो बाटलीत बसून आपल्याकडे परत आला.

बाटली घेताना समोरचे चित्र न पाहता मागचा बारीक मजकूर वाचावा. घटकद्रव्ये साधारणतः प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने दिलेली असतात. आरंभीच सोडियम लॉरिल सल्फेट असेल तर ती बाटली इसबाच्या डोक्यासाठी नव्हे. सोडियम लॉरेथ सल्फेट त्याहून थोडे सौम्य. वर सांगितलेली ‘कोको’वाली द्रव्ये किंवा डेसिल ग्लुकोसाइडसारखी नावे पुढे असतील तर बरे. सुगंध जितका कमी तितके चांगले. बिनवासाची बाटली मुलींना आवडत नाही हे आम्हांस ठाऊक आहे. पण सुगंधी द्रव्ये ही वावड्याच्या इसबाची नेहमीची कारणे आहेत. शांपू नासू नये म्हणून घालतात ते मिथाइल आयसोथायाझोलिनोन हेही असेच एक कारण. अमेरिकेतील स्पर्शजन्य त्वचारोगांच्या तज्ज्ञसंस्थेने २०१३ साली त्याच्याकडे मुद्दाम लक्ष वेधले. युरोपात अंगावर तशाच राहणाऱ्या प्रसाधनांत त्याला २०१७ पासून बंदी आहे, आणि धुऊन टाकण्याच्या वस्तूंत दहा लाखांत १५ भागांची मर्यादा आहे. आणखी एक गोष्ट. सौम्य द्रव्याचा फेस कमी येतो, म्हणून पुष्कळजण तेच दोनदा-तीनदा ओततात. फेस आणि स्वच्छता यांचे नाते आपण समजतो तितके जवळचे नाही.

नवी वस्तू, मग ती बाटलीतली असो की परसातली, प्रथम डोक्यावर लावू नये. ती पाण्यात पातळ करून कोपराच्या आतल्या बाजूस लावावी, थोड्या वेळाने धुवावी, आणि असे चार-पाच दिवस करून पाहावे. तेथे लाली वा खाज आली तर डोक्याची सुटका झाली.

तेलाबद्दल घरोघरी मोठा आग्रह असतो, म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे. कोरड्या इसबाला खोबरेल मानवते असा अनुभव आहे, आणि त्याला प्रयोगाचाही आधार आहे. फिलिपीन्समध्ये ११७ मुलांवर आठ आठवडे चाललेल्या प्रयोगात, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे, शुद्ध खोबरेलाने खनिज तेलापेक्षा त्वचेस अधिक आराम पडला. तेव्हा अशा मुलाच्या डोक्याला न्हाण्यापूर्वी अर्धा तास बिनवासाचे खोबरेल बोटांनी हलके लावावे. खपल्या मऊ होतात आणि न्हाण्याची झळही कमी बसते. तेलकट इसबात मात्र हाच उपाय उलटतो. ते किण्व तेलावर जगते. रात्रभर डोके तेलात मुरत ठेवणे म्हणजे त्याला मेजवानी देणे होय. अशा डोक्याला तेल लावलेच तर केवळ खपल्या सुटण्यापुरते, आणि लगेच धुऊन टाकण्यासाठी. किती वेळा न्हावे याचेही उत्तर असेच दुहेरी आहे. कोरड्या इसबाला आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा पुरे. तेलकट इसबाला अधिक वेळा न्हाणे हिताचे. पावसात केस वाळत नाहीत म्हणून पंधरा-पंधरा दिवस न न्हाणाऱ्या मुलींचा कोंडा आषाढ-श्रावणात वाढतो त्याचे कारण हेच. अशा वेळी डॉक्टर केटोकोनॅझोल असलेला औषधी शांपू सांगतात. तो लावून लगेच ओतून टाकण्याचा नसतो. डोक्यावर सुमारे पाच मिनिटे राहू द्यावा लागतो. घाईघाईने धुऊन औषधाला नावे ठेवणारे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

पाण्याचा गुणही पाहावा. जांभ्या दगडातून झिरपलेले आमच्याकडील विहिरींचे पाणी बहुधा मृदू असते, आणि तिळारी धरणाच्या कालव्यांतून पेडणे, डिचोलीत येणारे पाणीही आता अनेक घरांत पोहोचते. पण मोरजी, मांद्रे, हरमल, केरी या पट्ट्यात खाडीला किंवा समुद्राला लागून असलेली एखादी विहीर वैशाखात मचूळ होते. जेथे साबणाला फेस येत नाही, नुसता पांढरा साका येतो, ते पाणी जड समजावे. इंग्लंडातील शेफील्ड विद्यापीठ व लंडनचे किंग्ज कॉलेज येथील संशोधकांनी २०१८ साली दाखविले की जड पाण्यात शांपूतील तीक्ष्ण द्रव्य कातडीवर अधिक प्रमाणात चिकटून राहते आणि इसबवाल्यांना त्याचा त्रास अधिक होतो. अशा घरी निदान शेवटचे दोन तांबे तरी गोड पाण्याचे, किंवा पावसाळ्यात पागोळीचे स्वच्छ धरून ठेवलेले, असावेत.

डिचोलीच्या बाजूला धुळीचाही प्रश्न आहे. खनिजाच्या गाड्यांची तांबडी धूळ तेथील पिढ्यांनी पाहिली. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबविल्यावर ती बरीच बसली. २०२४ मध्ये डिचोलीची खाण पुन्हा चालू झाली आहे. धुळीने इसब उत्पन्न होतो असे नाही. परंतु घाम व धूळ डोक्यावर राहिली की खाज वाढते, आणि मग रोज शांपूने डोके घासण्याचा मोह होतो. तो आवरावा. अशा दिवशी नुसत्या कोमट पाण्याने डोके धुणे पुरेसे आहे. सायकलीवरून शाळेत येणाऱ्या मुलींनी डोक्याला सुती ओढणी बांधावी.

प्रत्यक्ष न्हाण्याची रीत अवघड नाही, पण सवयीच्या विरुद्ध आहे. भाणातील पाणी कढत घेण्याची आपली सवय इसबाला घातक आहे. कढत पाण्याने क्षणभर खाज शमते आणि घटकाभराने दुप्पट होते. हाताच्या कोपराला जे जेमतेम उबदार लागेल ते पाणी योग्य. शांपू तळहातावरून थेट डोक्यावर न थापता लोट्यातील पाण्यात मिसळून पातळ करावा. बोटांच्या अग्रांनी, नखे न लावता, हळूहळू फिरवावा. धुताना कंटाळा करू नये. कानांमागे व मानेवर तो राहून जातो आणि तेथेच चट्टे उठतात. केस पंचाने खसाखसा पुसू नयेत, दाबून पाणी टिपावे. डॉक्टरांनी लावण्याचे औषध दिले असेल तर ते त्यांनी सांगितले त्या वेळी लावावे; न्हाणे हे औषधाच्या जागी नाही, औषधाला वाट करून देणारे आहे.

काजूच्या हंगामाची एक सूचना आमच्याकडे विशेष लागू आहे. फाल्गुन ते वैशाख मुले काजू गोळा करतात, बिया भाजतात, आणि त्याच हातांनी डोके खाजवतात. काजूच्या टरफलातील तेल कातडी जाळणारे आहे. बिब्ब्याचे व आंब्याच्या चिकाचे तेच कूळ. निरोगी माणसासही त्याने फोड येतात, मग इसबाच्या डोक्याची काय कथा! काजू हाताळल्यावर हात प्रथम धुवावे, मगच केसांना लावावे. केस काळे करण्याच्या कलपातील एका द्रव्याचे वावडेही असेच तीव्र असते, पण तो प्रश्न वडील मंडळींचा.

खपल्यांखाली पू दिसू लागला, पिवळे कवच धरले, ताप आला, मानेच्या गाठी सुजल्या, किंवा एकाएकी दुखऱ्या बारीक फोडांचा पुंजका उठला, तर घरगुती उपाय त्याच दिवशी थांबवावे. आधी जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवावे, आणि तेथून सांगतील तर बांबोळीस गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात जावे. १८४२ साली पणजीत निघालेल्या वैद्यकीय शाळेचाच तो आजचा अवतार आहे. जाताना घरी वापरत असलेले तेल, शांपू, साबण एका पिशवीत घालून बरोबर न्यावे. डॉक्टरांना त्या पिशवीवरून पुष्कळ कळते.

राहिला प्रश्न वेणीचा. जून महिन्यात शाळा सुरू होते आणि पाऊसही. सकाळी न्हाऊन ओल्या केसांची घट्ट वेणी घालून मुली निघतात, आणि ती वेणी संध्याकाळपर्यंत आत ओलीच राहते. पावसाळ्यात न्हाण्यासाठी रविवारची दुपार ठेवावी. केस मोकळे सोडून पंख्याखाली बसावे, चुलीच्या धगीजवळ नको. मुळे पुरती वाळली की सैल वेणी घालावी. त्यावर अबोलीची फाती माळण्यास सहसा हरकत नसते. शेवंती व झेंडू यांच्या कुळातील फुलांचे मात्र काहींना वावडे असते, तेव्हा ती माळल्यानंतर मानेवर खाज उठते काय, एवढे दोन-तीन वेळा पाहून घ्यावे.